सगळं एकाच रविवारी उरकून टाकू का?

यादीबाईंचं पत्र आलंय, थोडं कापून देते:

"मावशी, आमच्याकडे पंधरवड्यानंतर काय काय आहे ते आधी सांगते. मुलगी चौदाची, नववीत गेलीय आणि शाळा बदललीय. मुलगा सहाचा, पहिलीत. दोघांच्या शाळा एकाच सोमवारी उघडतायत आणि कहर म्हणजे त्याच सोमवारी मला सात वर्षांनी परत नोकरीवर रुजू व्हायचंय. त्याच आठवड्यात आमच्या लग्नाला 15 वर्षं होतायत, पुढच्या आठवड्यात सासऱ्यांना 75 पूर्ण. त्यात पिल्लूचा पुढचा दात हलतोय. माझी यादी चार पानी झालीय. नवरा मदत करतो, नाही असं नाही, पण 'तू फक्त सांग काय करू' म्हणतो आणि मला तेच सांगायचा कंटाळा आलाय. मुलगी सकाळी उठत नाही, रोज भांडण, परवा म्हणाली या घरात सगळं पिल्लूचंच चाललंय. आणि ज्याचं चाललंय त्याच्या पहिल्या दिवशी मीच नसणार, त्या विचाराने झोप लागत नाही. मला वाटतंय शाळा उघडायच्या आदल्या रविवारी सगळ्यांना बोलवून सगळ्यांचं एकत्र साजरं करून टाकावं, सुटेल एकदाचं. करू का? — यादीबाई"

यादीबाई, आधी उत्तर. नको करूस. घाईत असशील तर इथेच थांबलीस तरी चालेल, बाकीचं रात्री सगळे झोपल्यावर वाच.

आता का नको ते. तुझे शब्द बघ, साजरं करून टाकावं, सुटेल एकदाचं. आपण कचरा टाकतो, पाट्या टाकतो, आता सासऱ्यांची 75 आणि तुमची 15 वर्षंही टाकणार का? त्या रविवारचं चित्र डोळ्यासमोर आण जरा. वीसेक माणसं येणार, तू सकाळपासून पायावर उभी, आलेल्या प्रत्येकाला प्रश्न की आपण नक्की कशासाठी आलोय, सासऱ्यांना वाटणार हे नातवाच्या शाळेचं आहे, लेकीला वाटणार हे आजोबांचं आहे, तुम्ही नवराबायको खुर्च्या मांडण्यात आणि उचलण्यात, आणि पिल्लू त्या गोंधळात रात्री अकरापर्यंत टक्क जागं. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच घरातल्या तीन माणसांचा पहिला दिवस. मुद्दाम शोधायला बसलीस तरी याच्याहून वाईट मुहूर्त सापडायचा नाही.

झोपेचं मी उगाच म्हणत नाहीये. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन म्हणून झोपेच्या डॉक्टरांची संघटना आहे, त्यांनी 2016 मधे आकडे दिले, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते आणि 13 ते 18 वाल्यांना 8 ते 10. म्हणजे पिल्लूला सकाळी सहाला उठवायचं असेल तर रात्री नऊला तो झोपलेला पाहिजे, अंथरुणात जाऊन पाणी मागणारा नव्हे, झोपलेला. सुट्टीत अकरा वाजत असणार, सगळ्यांकडे वाजतात. ही दोन तासांची दरी एका रात्रीत 'चल झोप आता लवकर' म्हणून भरत नाही, रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणलीस तर आठ दिवस लागतात, साधा हिशोब आहे, आणि त्यात झोपायच्या वेळेआधी उठायची वेळ अलीकडे आणायची, सकाळी उठवून पडदे उघडायचे, रात्रीची झोप मग आपोआप मागून येते. तुझ्याकडे पंधरवडा आहे म्हणतेस, म्हणजे आजपासून सुरू केलंस तर आरामात होईल. आणि या आठ-दहा दिवसांची मेहनत तू रविवारच्या एका रात्रीत घालवणार होतीस!

लेकीचं गणित मात्र वेगळं आहे आणि तिच्याबद्दल मला जास्त लिहायचंय. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे साडेनऊला तिला झोप म्हणणं म्हणजे तुला कुणी संध्याकाळी सातला झोप म्हणण्यासारखं आहे, पडशील पण छताकडे बघत पडशील. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2014 मधे उघड सांगितलं की या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. आता तुझ्या-माझ्या सांगण्याने शाळा काही वेळ बदलत नाही, पण घरातून 'आळशी' हा शब्द तेवढा हद्दपार कर. रात्री तिचा फोन तिच्या खोलीबाहेर चार्जिंगला, आणि नियम सगळ्यांना, तुझाही फोन तिथेच, नाहीतर ती ऐकणार नाही आणि बरोबरच आहे तिचं. सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपू दे, दुपारी बारापर्यंत नको, नाहीतर सोमवारी परत पहिले पाढे. आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं तिच्याशी बोलूच नकोस. काहीच नाही. बाटली भरलीस का, आयकार्ड कुठाय, काही म्हणजे काही नाही. करून बघ, निम्मी भांडणं त्या दहा मिनिटांतली असतात.

पण तुझी लेक म्हणाली ना सगळं पिल्लूचंच चाललंय, ते झोपेमुळे नाही म्हणाली. तुझं पत्र मी परत वाचलं तर तिचं म्हणणं खरंच वाटलं मला, रागावू नकोस. पहिलीत जाणाऱ्याच्या पहिल्या दिवसासाठी तुझी झोप उडालीय आणि नववीत नवीन शाळेत जाणारीबद्दल एक ओळ, तीही शाळा बदललीय एवढीच. अगं, पहिलीत सगळेच नवीन असतात, रडणारे चार-पाच असतात, बाईंना सवय असते. नववीत सगळ्यांचे ग्रुप आधीच ठरलेले असतात, डबा कुणाबरोबर खायचा हे ठरलेलं असतं, आणि ही एकटी दारातून आत येणार आणि रिकामा बाक शोधणार. चौदाव्या वर्षी त्यापेक्षा मोठं काही नसतं. आणि ती रडू पण शकत नाही कारण ती मोठी.

तर एक काम कर, शाळा उघडायच्या आधी एकदा फक्त तिला घेऊन त्या नव्या शाळेच्या रस्त्याने चालत जा, पिल्लूला घरी ठेवून. उपदेश नको, चौकशी नको. गेट कुठलं, आत कुठून जायचं, येताना कुठे थांबायचं एवढं बघून या. या वयाची पोरं समोरासमोर बसवून 'बोल बेटा' म्हटलं की मिटून जातात आणि शेजारी चालताना, नजर रस्त्यावर असताना भडाभडा बोलतात, माझ्या दोघांनी मला आयुष्यातली सगळी महत्त्वाची बातमी चालता चालता नाहीतर गाडीच्या मागच्या सीटवरून सांगितलीय. नाही बोलली तरी बिघडत नाही. आणि दुसरं, पहिल्या आठवड्यात तिच्यावर पिल्लूची एकही जबाबदारी टाकू नकोस, त्याचे मोजे शोध, त्याला खाली सोड, काही नाही, 'तू मोठी आहेस ना' हे वाक्य पंधरा दिवस बंद.

आता यादी. चार पानं आहेत म्हणतेस, पेन्सिल घे आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचार, हे त्या सोमवारी सकाळी नसलं तर काय होईल? युनिफॉर्म नसला तर अडेल. बूट नसले तर अडेल. वह्यांना कव्हरं नसली तर? काही होत नाही गं, बाईच चार दिवसांनी सांगतात कुठल्या विषयाला कुठला रंग, आणि तू आधी घातलेली सगळी काढावी लागतात. अभ्यासाचं टेबल लावणं, कपाट आवरणं, जुनी पुस्तकं देऊन टाकणं, मुलीला नवीन क्लास शोधणं, यातलं काहीच सोमवारला बांधलेलं नाहीये. मी पैज लावते तुझ्या चार पानांतलं जेमतेम पाऊण पान उरेल. बाकीची तीन पानं फाडू नकोस, पुढच्या महिन्याच्या कॅलेंडरला पिन मारून ठेव, यादी करणाऱ्या माणसाला यादी फाडायला सांगणं क्रूरपणा आहे, मला माहितीय, मी पण त्यातलीच.

नवऱ्याबद्दल. 'तू फक्त सांग' यावर अ‍ॅलिसन डॅमिंजर नावाच्या एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी कामच केलंय, 35 जोडप्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 2019 मधे छापलं की घरच्या प्रत्येक कामात हात लावायच्या आधी आणि नंतर एक डोक्यातलं काम असतं, आधी काय लागणार आहे हे ओळखणं, मग पर्याय शोधणं, मग ठरवणं आणि मग झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना बहुतेक घरांत दोघं असतात. पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं, ही दोन टोकं बहुतेक बायकांच्याच डोक्यात. म्हणजे तू सांगतेस आणि तो करतो तेव्हा हात त्याचे असतात, डोकं तुझंच चालू असतं, म्हणून त्याने एवढं करूनही तू दमलेली आणि त्याला कळत नाही ही का दमली. दोघंही खरं बोलताय.

म्हणून कामं वाटू नकोस, खाती वाट. बूट हे अख्खं खातं त्याला दे. म्हणजे 'उद्या बूट आण' नव्हे, तर पिल्लूचा अंगठा बुटाच्या टोकाला टेकतोय हे त्याच्या लक्षात येण्यापासून ते घरात पुसून कपाटात ठेवण्यापर्यंत आणि तीन महिन्यांनी परत तपासण्यापर्यंत सगळं त्याचं. दिवसभरात पाय थोडे सुजतात म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, हे एकदा सांग आणि मग गप्प बस. तो लेसचे बूट आणेल. सहा वर्षांच्या पोराला गाठ मारता येत नाही हे त्याच्या डोक्यात येणार नाही. आणू दे, आणि मग रोज सकाळी त्यालाच खाली वाकून लेस बांधू दे, पुढच्या वेळी वेल्क्रोचे आणेल. तू मधे पडून 'अहो हे काय आणलंत' म्हणालीस की खातं परत तुझ्या टेबलावर. असंच दप्तराचं खातं, औषधं-डॉक्टरांचं खातं, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं खातं. ते ग्रुपचं तर आधी दे. पिल्लूच्या वर्गाचा ग्रुप त्याने बघायचा, तू त्यात नसायचंच, दिवसाला दीडशे मेसेज वाचून त्यातली कामाची एक ओळ शोधायची हीच एक वेगळी नोकरी आहे आणि तुला एक नोकरी ऑलरेडी लागलीय. (दप्तराचं सांगायचं राहिलं, वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं म्हणतात, 20 किलोचं पोरगं असेल तर 2 किलो, एकदा काट्यावर ठेवून बघाच, रिकामी दप्तरंच एकेक किलोची निघतात.)

सकाळचं एक. तुला वाटत असेल सहाला उठवलं की पावणेसातला सगळे दाराबाहेर. सगळ्यांना असंच वाटतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मधेच लिहून ठेवलंय की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमीच धरतो, आणि 1994 मधे कॉलेजच्या मुलांवर केलेल्या एका अभ्यासात पोरांनी प्रबंध साधारण 34 दिवसांत होईल म्हटलं तो सरासरी 55 दिवसांत झाला. पावणेसातचे सव्वासात तसेच होतात. मनातल्या मनात हिशोब करून उपयोग नाही, आदल्या आठवड्यात एक दिवस खरीखुरी रंगीत तालीम करा, युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून, कुलूप लावून खाली उतरून, आणि घड्याळ लावा. पिल्लूला मजा वाटेल, लेक डोळे फिरवेल, तुला कळेल की एक मोजा चढवायला साडेतीन मिनिटं लागतात. आणि तालीम तुझ्या ऑफिसच्या वेळेचीही कर, सात वर्षांत रस्ते बदललेत.

पिल्लूच्या पहिल्या दिवशी तू नसणार. हे मी हलक्यात घेत नाही, पण तू पहिला दिवस म्हणजे शाळेच्या दारातली ती दोन मिनिटं समजतेयस. आमच्या भिंतीवर धाकटीचा पहिल्या दिवसाचा म्हणून एक फोटो आहे, वेणी, रिबीन, हात हलवतेय. तो फोटो चौथ्या दिवसाचा आहे. पहिल्या दिवशी मी कॅमेरा घरीच विसरले, दुसऱ्या दिवशी ती रडत होती, तिसऱ्या दिवशी मी. नीट बघितलं तर डाव्या बुटाचं टोक खरवडलेलं दिसतं, पहिल्या दिवशी कुणाचा बूट खरवडलेला असतो? वीस वर्षं झाली, येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो आणि म्हणतो अय्या पहिला दिवस, आणि ती स्वतः सुद्धा त्याला पहिलाच दिवस समजते, मी पण आता सांगत नाही. (तिच्या आणि थोरल्याच्या दोघांच्याही बाटल्यांवर मी थोरल्याचं नाव घातलं होतं, तो किस्सा वेगळाच.)

तर त्याला सोडायला कोण जाणार ते बघूया. तू पत्रात लिहिलं नाहीस पण मला वाटतं नवरा जाणार असेल. त्यापेक्षा आजोबांना विचार ना. नवरा बरोबर असू दे पण हात आजोबांचा. 75 पूर्ण होत असताना नातवाला पहिलीच्या दारात नेऊन सोडणं, याच्यापेक्षा मोठा सत्कार तू त्या वीस माणसांच्यात बसवून करणार होतीस का? तुला सगळ्यांचं एकत्र करायचं होतं ना, हे बघ, हे खरं एकत्र, दोघांचाही दिवस आणि दोघांनाही त्यात काम. फक्त आजोबांना एक सांगून ठेव, निरोप छोटा घ्यायचा. एक मिठी, एक वाक्य, आणि मागे न बघता वळायचं. खिडकीतून डोकावत उभं राहिलं की रडणं लांबतं. आणि पिल्लूला 'लवकर येतो हं' सांगायचं नाही, सहा वर्षांच्या मुलाला लवकर म्हणजे काय कळत नाही, त्याला खूण सांगायची, शेवटची घंटा झाली की गेटच्या डाव्या हाताला आजोबा निळी टोपी घालून उभे असतील. आणि टोपी निळीच पाहिजे आणि डाव्याच हाताला उभं राहायला पाहिजे, तिथे चूक नको.

संध्याकाळ तुझी. तू घरी येशील तेव्हा तो बहुतेक कशावरून तरी भोकाड पसरेल, पेन्सिल मोडली म्हणून, ताईने हात लावला म्हणून. दिवसभर शाळेत शहाण्यासारखं बसून बसून दमतात गं ती, आणि मग ज्या माणसाजवळ सांडायला चालतं तिथे सांडतात. तुझ्यावर सूड वगैरे काही नसतो तो. 'कसा गेला दिवस' विचारू नकोस, 'बरा' येईल. शेजारी कोण बसलं होतं, बाईंच्या साडीचा की ड्रेसचा रंग कुठला होता, कोण जास्त रडलं, असं विचार, मग बघ थांबतोय का.

सासऱ्यांच्या 75 चं, त्यांना विचारलंस का? मला वाटतं नाही, ज्याचा वाढदिवस त्याला सोडून घरात सगळ्यांना विचारतो आपण. काही म्हाताऱ्या माणसांना तारीख म्हणजे तारीखच लागते, काहींना गर्दी नको असते आणि जुने दोन मित्र आले तरी पुरतं. तारीख लागत असेल तर त्या दिवशी घरच्या घरी करा, नातेवाइकांचं महिन्याभराने एखाद्या मोकळ्या रविवारी. पण त्या दिवशी सगळं त्यांचंच असू दे, त्यात मधेच पिल्लूने कविता म्हणून दाखवायची नाही, एक दिवस पिल्लूने प्रेक्षकात बसायचं. लेकीला आवडेल हे बघ.

आणि तुमची 15 वर्षं, ती सरळ पुढे ढकल. त्या आठवड्यात तुम्ही दोघं बाहेर गेलात तरी एकमेकांना विचारणार काय, गणिताची चौकटीची वही आणलीस का. फिलिपा लॅली म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी 96 जणांना रोज एक छोटी नवी गोष्ट करायला लावली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघितलं, सरासरी 66 निघाले, कुणाला 18 पुरले आणि कुणाला 254 लागतील असा अंदाज आला. तुमच्या घरात तर चार-पाच नव्या गोष्टी एकदम सुरू होतायत, तेव्हा पहिल्या आठवड्यातच 'आपल्याकडे घडी बसतच नाही' म्हणून कपाळाला हात लावू नकोस, दोन महिने धर. आणि दोन महिन्यांनंतरची एक तारीख आत्ताच दोघांच्या फोनमधे टाकून ठेवा, दिवसभराची सुट्टी, मुलं शाळेत असताना. संध्याकाळ नव्हे, दिवस, मुलं शाळेत आणि घर रिकामं, 15 वर्षांत असं कधी मिळालंय का तुम्हाला? ते खातं पण त्याच्याकडे दे. तो विसरला तर... विसरू दे, पण मग तू आठवण करू नकोस, भांड सरळ.

शेवटचं, आणि हे मला तुझ्या पत्राच्या तिसऱ्याच ओळीला खटकलं होतं, इथपर्यंत धरून ठेवलं. तू लिहिलंस 'कहर म्हणजे' मला त्याच सोमवारी रुजू व्हायचंय. मुलीची नववी, मुलाची पहिली, लग्नाची 15, सासऱ्यांची 75, सगळं साजरं करायच्या यादीत, आणि तुझी सात वर्षांनंतरची नोकरी तेवढी कहर. दात सुद्धा मोजलास, स्वतःला नाही. त्या सोमवारी तुमच्या घरातून तीन माणसं पहिल्या दिवसाला निघणार आहेत, दोन नाही. पोटात गोळा तुझ्याही येणार, नवीन जागेत कुठे बसायचं, जेवायच्या सुट्टीत कुणाबरोबर जायचं, हे प्रश्न तुझे आणि लेकीचे अगदी सेम आहेत. ते तिला सांग. त्या चालायला जाल ना नव्या शाळेच्या रस्त्याने, तेव्हा तिला विचार, मी पहिल्या दिवशी काय घालू. तिला कपड्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि घरात कुणीतरी तिच्याइतकंच घाबरलंय हे कळलं की ती जरा सैल होईल.

फोटो तिघांचा काढा, दारात, दप्तरं-पर्स सगळं अडकवून. आजोबांना काढायला सांग, कोपऱ्यात त्यांचं बोट येईल, येऊ दे. सोमवारी नाही जमला तर गुरुवारी, बूट तेवढे पुसून घे.

दाताचं काही करू नकोस. दुधाचे वीस असतात, पहिले बहुतेक खालचे पुढचे दोन पडतात, सहाच्या आसपास, आणि यादी बघून पडत नाहीत. माझा अंदाज, पहिल्याच आठवड्यात वर्गात पडणार आणि तो कंपासपेटीत खोडरबराशेजारी ठेवून घरी आणणार. पडला की कळव.